साधी, स्टीमची की कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला?

भाच्याने घाटकोपरला दोघा मित्रांबरोबर खोली घेतली आणि आठवड्याभरात फोन, "मामा, इस्त्री साधी घेऊ की स्टीमची? की खालच्या इस्त्रीवाल्याकडेच टाकत जाऊ?" म्हटलं, आधी शर्ट मोज. सुती किती, टेरिकॉट किती?

कापडच ठरवतं. शर्टाच्या आतल्या लेबलवर छोटी इस्त्री काढलेली असते, तिच्या पोटात ठिपके. एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. नायलॉन, ॲक्रिलिक एका ठिपक्यात, पॉलिएस्टर, रेशीम, लोकर दोनात, सुती आणि लिनन तीनात. टेरिकॉट हाताला सुती वाटतं, पण त्यात पॉलिएस्टरही असतं, म्हणून दोनच. मिश्र कापडात नाजूक धाग्याचं ऐकायचं. मी नाही ऐकलं. निळ्या शर्टाच्या खिशावर चकाकता त्रिकोण उमटला, बोट फिरवलं तर गुळगुळीत. जळलं नव्हतं, धागेच चपटे झाले होते, आणि ते काही पुन्हा उठले नाहीत. आता तो शर्ट होळीला.

टेरिकॉटच जास्त असेल तर साधी इस्त्री पुरते. हलकी, स्वस्त, बिघडायला तिच्यात फारसं काही नाही. सुती शर्टाला मात्र नुसती उष्णता चालत नाही. पाण्याने धागे सैल होतात, मग उष्णता त्यांना सपाट वाळवते. म्हणून तो किंचित ओलसर असतानाच दोरीवरून काढायचा, नाहीतर बाटलीने पाणी मारायचं. पावसाळ्यात मुंबईत हे कष्टही वाचतात, कपडे वाळतातच कुठे! फक्त इस्त्रीने कपडे वाळवत बसू नका, कुबट वास राहतोच.

स्टीमची खरी गंमत लिननवर. पण वाफ व्हायला तळ चांगला तापावा लागतो. डायल खाली ठेवून बटण दाबलं तर भोकांतून पाणी गळतं आणि शर्टावर डाग. एका ठिपक्याच्या कापडाला तर वाफ नकोच. शिवाय सोसायटीत टँकरचं किंवा बोअरिंगचं जड पाणी येत असेल तर भोकांत क्षार साचतात, आणि पांढरे कण नेमके काळ्या शर्टावर पडतात.

इस्त्रीवाल्याच्या कोळशाच्या इस्त्रीला डायल नसते, अंदाज सगळा हातात. थेंब टाकून चर्र ऐकतो, फार तापली तर ओल्या फडक्यावर टेकवतो. खळ घातलेला सुती शर्ट तिच्या वजनाखाली जसा कडक होतो, तसा माझ्या हातून अजून झालेला नाही. पण गठ्ठ्यात रेशमी किंवा नायलॉनचं काही असलं तर सांगूनच द्यायचं. एकदा न सांगता दिलं होतं.

भाच्याचा हिशेब निघाला पाच टेरिकॉट, दोन सुती, एक लिनन. मी म्हटलं, साधी घे, सुती आणि लिनन खाली दे. घरी करशील तेव्हा कमी तापमानाचे कपडे आधी काढ. इस्त्री तापते पटकन, निवायला मात्र वेळ घेते, आणि सकाळी आठ-दहाची लोकल गाठायची असताना तेवढा धीर कुणाला नसतो.