पाण्याच्या कडेने की टेकडीवरून?

सरोवराकाठी वाळूच्या टेकड्या असल्या की सकाळी कुत्र्याला फिरवायला बहुधा दोन वाटा मिळतात: एक पाण्याला लागून, दुसरी टेकड्यांच्या माथ्यावरून, गवतातून. दोन्हींची लांबी सारखी असली तरी दमणूक वेगळी. कोरड्या वाळूत पाय रुततो, मागे सरकतो. माणसाला तिथे चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. पाण्यालगतची ओली वाळू मात्र घट्ट असते. कुत्रा वयस्कर असेल, त्याचे सांधे धरत असतील किंवा तुमचेच गुडघे कुरकुरत असतील, तर खालची वाट बरी. अंगात वारं शिरलेल्या तरण्या कुत्र्याला वर न्या. आमचं येडं वरून आलं की दुपारपर्यंत पसरलेलं असतं.

खालच्या वाटेची गोम पाण्यात आहे. उन्हाळा सरत आला की पाणी कोमट असतं. अशात रात्रभर वारा पडला तर नीलहरित शैवाल वर तरंगतं आणि पहाटेच्या झुळकीने एका काठाला गोळा होतं. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसते. त्यातल्या काही जातींचं विष यकृत निकामी करतं, काहींचं थेट मज्जासंस्थेवर जातं, आणि मग डॉक्टरकडे पोचायलाही वेळ मिळेल असं नाही. कुत्र्याने ते पाणी प्यायलाच हवं असंही नाही, ओलं अंग चाटलं तरी पुरतं. विषारी साय कुठली आणि साधी कुठली, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून माझा हिशेब वाऱ्यावर चालतो: पाणी हलतंय आणि स्वच्छ आहे तर खाली, निपचित आणि हिरवट आहे तर वर. प्यायचं पाणी दोन्हीकडे घरूनच.

वर जायचं तर पट्टा सुटणार नाही, हे आधी मान्य करा. तिथलं गवत मुळांनी वाळू धरून ठेवतं. ते तुडवलं की वारा तिथूनच टेकडी पोखरू लागतो. शिवाय काही पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतात. मिशिगन सरोवराकाठच्या स्लीपिंग बेअर ड्यून्समध्ये पट्टा ६ फुटांहून लांब चालत नाही आणि ‘ड्यून क्लाइंब’ या चढणीवर तर कुत्र्यांना मज्जावच आहे. खालीही पाटी वाचल्याशिवाय सोडू नका.

वरून परतल्यावर गोचीड बघायच्या: कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत. हे काम कंटाळवाणं आहे, पण चुकवून चालत नाही.

उशीर झाला तर कोरडी वाळू आधी तापते. हाताची मागची बाजू टेकवून सात सेकंद धरवली नाही, तर पंजांनाही सोसणार नाही.

आणि चेंडू घरीच ठेवा. ओल्या चेंडूला चिकटलेली वाळू दर फेकीला थोडी थोडी पोटात जाते आणि साठली की आतडं अडतं.