एमएमआर आयएचसी, एमएसआय पीसीआर की एनजीएस: मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आधी काय करावे?

बायोप्सीच्या ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या ऊतकात) गाठीचे दोन-चार बारीक तुकडे असतात आणि प्रत्येक चाचणीला त्यातलेच काप लागतात. म्हणून चाचण्यांचा क्रम आधी ठरवावा. एमएमआर म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा; ती बिघडली की डीएनएचे छोटे, पुन्हापुन्हा येणारे भाग अस्थिर होतात, तेच एमएसआय. आमच्या मते पहिली एमएमआर आयएचसी (प्रथिन आहे का ते रंगाने पाहणे), शंका उरली तर पीसीआर (डीएनएची अस्थिरता थेट मोजणे), आणि आजार पसरलेला असेल तर एनजीएसही (अनेक जनुके एकदम वाचणे).

आयएचसीला ४ मायक्रॉनचे चार काप पुरतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ या चार एमएमआर प्रथिनांसाठी. गाठीच्या पेशींच्या केंद्रकात रंग आला तर प्रथिन शाबूत. नाही आला तर लगेच ‘लॉस’ (प्रथिन गेले) लिहू नये; त्याच कापातले लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) आणि स्ट्रोमाच्या (गाठीभोवतीच्या आधार-ऊतकाच्या) निरोगी पेशी पाहाव्यात. त्याही कोऱ्या असतील तर दोष फिक्सेशनचा (फॉर्मलिनमध्ये ऊतक टिकवण्याचा) किंवा रंगाचा, चाचणी पुन्हा करावी. ऊतक १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये ६ ते ७२ तास हवे. काढलेले आतडे न उघडता तसेच बुडवले तर फॉर्मलिन गाठीच्या आतवर पोहोचत नाही. गुदाशयाच्या गाठीत आणखी एक फसगत होते: केमो-रेडिएशननंतर एमएसएच६ फिका, तुटक दिसतो. तिथे उपचाराआधीची बायोप्सीच घ्यावी.

दोष कुठल्या जनुकात आहे याचा माग आयएचसी देते, हा तिचा मोठा फायदा. एमएलएच१ आणि पीएमएस२ दोन्ही गेले तर ब्राफ जनुकातला व्ही६००ई बदल किंवा एमएलएच१ मिथायलेशन (जनुक रासायनिक खुणेने बंद पडणे) तपासतात. हा ब्राफ बदल सापडला तर आजार बहुधा आनुवंशिक नसतो. एमएसएच२-एमएसएच६ची जोडी गेली तर लिंच सिंड्रोमसाठी (एमएमआर जनुकांतल्या आनुवंशिक दोषामुळे होणारा कर्करोगाचा धोका) जनुकीय समुपदेशनाकडे पाठवावे.

पीसीआरमध्ये नेहमीच्या पाच मार्करपैकी (डीएनएवरच्या ठरावीक जागांपैकी) दोन किंवा अधिक अस्थिर असले की एमएसआय-हाय, म्हणजे अस्थिरता जास्त. मिससेन्स म्युटेशनमध्ये (प्रथिनाचा एकच घटक बदलणाऱ्या जनुकीय बदलात) प्रथिन दिसते पण काम करत नाही. आयएचसी इथे चुकते, पीसीआर पकडते. उलट, एकट्या एमएसएच६चा लॉस पीसीआरमधून निसटू शकतो. गाठीच्या पेशी साधारण २०% पेक्षा कमी असतील तर निकाल खोटा ‘स्थिर’ येतो. म्यूसिनस (श्लेष्माने भरलेल्या) गाठीत हा धोका जास्त, म्हणून स्लाइडवर गाठीचा भाग आखून तेवढाच खरवडावा.

एनजीएस एकाच वेळी रॅस व ब्राफ जनुकांतले बदल आणि एमएसआय सांगते, पण ऊतक आणि वेळ दोन्ही जास्त खाते. आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात (स्टेज २) फक्त केमोचा निर्णय अडला असेल तर ती उधळपट्टी.

या निकालांवरून बांधलेला रुग्णाच्या जगण्याचा अंदाज मात्र टप्प्यागणिक बदलतो. दुसऱ्या टप्प्यात एमएमआर-डेफिशियंट (एमएमआर बिघडलेली) गाठ परतण्याचा धोका कमी, आणि एकट्या फ्लुरोपिरिमिडीन या केमो औषधाचा फायदा दिसत नाही. आजार पसरल्यावर हे कवच उरत नाही, पण इम्युनोथेरपीचे दार उघडते: कीनोट-१७७ चाचणीत आजार न वाढण्याचा मध्यक काळ पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपी औषधावर १६.५ महिने, केमोवर ८.२ होता. पसरलेल्या, एमएसआय-स्थिर आजारात ब्राफ व्ही६००ई वाईट अंदाज दाखवतो. रॅस म्युटेशन मुख्यतः औषध निवडीसाठी: ते असल्यास सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब ही लक्ष्यवेधी औषधे सहसा देत नाहीत.

अडेनोकार्सिनोमात (आतड्याच्या नेहमीच्या, ग्रंथींच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगात) केआय-६७ (किती पेशी विभागत आहेत ते दाखवणारा रंग) आणि पी५३ प्रथिनाच्या चाचणीवर काप घालवू नयेत. त्यांच्यामुळे उपचार बदलत नाही. गाठ न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची) असेल तर मात्र केआय-६७ हवाच: ३% च्या खाली ग्रेड १, २०% च्या वर ग्रेड ३.