आकुर्डीच्या बचत गटाचा फराळ: चौसष्ट माणसं, एकच डबा

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ॲडमिन बघते. माणसं चौसष्ट. पन्नास पगारपत्रकावर, चौदा कंत्राटी: वॉचमन, झाडलोटीच्या मावशी, लोडिंगची मुलं. २०२३च्या दिवाळीत केबिनमधल्यांना सुकामेव्याचे ट्रे दिले, मशीनवरच्यांना अर्धा किलो सोनपापडी आणि कंत्राटींना काहीच नाही. यादीवर सही माझी होती. संध्याकाळी गेटवर वॉचमन काकांनी विचारलं, "मॅडम, आमचं ठेकेदाराकडून येणार आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न वर्षभर डोक्यातून गेला नाही.

२०२४ला मी मालकांकडे एकच हट्ट धरला: डबा एकच, साहेबापासून मावशींपर्यंत. ते तयार झाले. फराळासाठी आकुर्डीतला एक महिला बचत गट मिळाला. स्टीलच्या डब्यासकट ८५० रुपये, चौसष्ट डब्यांचे ५४,४००. आत पाव किलो भाजणीच्या चकल्या, पाव किलो पातळ पोह्यांचा चिवडा, आठ बेसनाचे लाडू, सहा करंज्या आणि शंकरपाळे. लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणीचा, चौदा आकडी नंबर. घरगुती फराळ विकत घेताना मी आधी तोच बघते.

चकली तर बघत राहावी अशी. काटा उभा, मोडली की आत पोकळ नळी, आणि कागदावर ठेवून उचलली तरी तेलाचा डाग नाही. करंजीची कड कातण्याने कापलेली, एकही फुटलेली नव्हती. सारणात खसखस भाजून घातली होती, खाताना तिचा वास आधी येतो. लाडवाचं बेसन नीट खमंग भाजलेलं, टाळूला चिकटत नाही. शंकरपाळे मात्र कडक झाले होते. मोहन कमी पडलं असणार. गटाच्या ताईंना तसं सांगितलं, त्यांनी मान्य केलं.

त्यांच्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आमच्यात तिघांना मधुमेह, दोघं जैन. मधुमेहवाल्यांच्या डब्यांत गोडाऐवजी जास्त चकली आणि भाजके शेंगदाणे, जैनांच्या चिवड्यात लसूण नाही. पण बाहेरून सगळे डबे सारखे. खूण फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला. वाटताना कुणाला "तुमचा वेगळा आहे हं" असं चारचौघांत ऐकावं लागलं नाही. झाकणावर कंपनीचं नावही आम्ही छापलं नाही, कारण घरातला डबा म्हणून तो पुढे वापरता यायला हवा.

वसुबारस २८ ऑक्टोबरला, सोमवारी होती. डबे शुक्रवारी दुपारीच आले, म्हणजे गावाला निघणाऱ्यांना सोबत नेता आले. कुणाला केबिनमध्ये बोलावलं नाही, मी आणि मालक प्रत्येकाच्या जागेवर गेलो. सुरुवात गेटपासून केली. बोनस आधीच खात्यात जमा केला होता. तो कायद्याने हक्काचा आहे, त्याच्या बदल्यात फराळ दिल्यासारखं दिसू नये. सरकारी खात्यांतल्या ओळखीच्यांना मात्र एकही डबा पाठवला नाही. त्यांच्या वर्तणूक नियमांत भेटवस्तूंवर बंधनं असतात, आपण त्यांना अडचणीत का आणायचं? आणि कुणी वर्गणी काढून साहेबांसाठी काही आणू नये, हेही आधीच सांगितलं होतं.

स्टोअरमधल्या दादांचे वडील श्रावणात गेले होते. त्यांच्या घरी त्या दिवाळीला कढई चढणार नव्हती. बोलता बोलता ताईंना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "घरात माणसं किती?" डब्यांच्या गाडीत एक भरलेली पिशवी जास्तीची आली. तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पन्नासच्या खाली ऑर्डर घेत नाहीत. घटस्थापनेपर्यंत आकडा कळवायचा आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यायची. नंतर गेलात तर चकली मिळणार नाही, भाजणी मोजूनच दळतात. पुढच्या खेपेला मी शंकरपाळ्यांऐवजी अनारसे सांगणार आहे.