बिलावर फक्त ‘रोड बाईक – 1 नग’ असेल तर पैसे देऊ नका

कोथरूडहून हिंजवडीला रोज सायकलने जाणाऱ्या एका ग्राहकाला पुण्यातल्या एका दुकानाने 48,000 रुपयांना ‘शिमानो क्लॅरिस’, म्हणजे शिमानो कंपनीच्या क्लॅरिस मालिकेतले गिअर असलेली रोड बाईक विकली. काही महिन्यांतच मागच्या चाकाचा एक्सल (मधला दांडा) मोडला. चाक उघडलं तेव्हा कळलं, की अख्ख्या सायकलीत क्लॅरिसचा भाग एकच : मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग. शिफ्टर (हँडलवरून गिअर बदलायचे भाग) शिमानोच्याच स्वस्त टूर्नी मालिकेचे, क्रँक (पॅडलचे दांडे) आणि ब्रेक बिननावाचे. जाब विचारायला गेल्यावर दुकानदाराने बिलच पुढे केलं. त्यावर ‘रोड बाईक – 1 नग’ आणि रक्कम. क्लॅरिसचा उल्लेख कुठेही नाही.

ही चलाखी 40 ते 60 हजारांच्या टप्प्यात जास्त चालते. इथला गिऱ्हाईक बहुतेक वेळा पहिलीच गिअरची सायकल घेत असतो. त्याला कुणीतरी ‘शिमानोचेच गिअर घे’ एवढं सांगितलेलं असतं, आणि तो मागच्या चाकाशी वाकून डिरेलरवरचं नाव वाचतो. म्हणून नेमका तोच भाग बदलला जातो. सुटा डिरेलर दोन-तीन हजारांत येतो. खरा पैसा शिफ्टर, क्रँक, ब्रेक आणि चाकांत असतो.

शिमानोच्या रोड गिअरची उतरंड मागच्या दात्यांच्या चकत्या मोजून कळते. टूर्नीला 7, क्लॅरिसला 8, सोराला 9, टियाग्राला 10, आणि ‘105’ नावाच्या मालिकेला 11 किंवा 12. ‘या सायकलीला 21 गिअर आहेत, त्या महागड्या सायकलीला 16च’ असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. 21 म्हणजे पुढे 3, मागे 7, म्हणजे खालची पायरी. 16 म्हणजे पुढे 2, मागे 8, म्हणजे क्लॅरिस. मग शिफ्टर बघा. स्वस्त टूर्नी शिफ्टरला रबरी मुठीच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबायचं बटण असतं. हँडलचा खालचा भाग धरलेला असताना तिथे अंगठा पोचत नाही. क्लॅरिस आणि त्यावरच्या शिफ्टरना असं बटण नसतं, ब्रेकच्या दांडीमागेच दुसरी छोटी दांडी असते.

आता एक्सल का मोडला, ते. 7 गिअरच्या चाकाला बहुधा फ्रीव्हील असतो, म्हणजे दात्यांचा गठ्ठा हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसवलेला. अशा हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग त्या गठ्ठ्याच्या आत, चाकाच्या मध्याकडे राहतं, आणि तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सल आधाराशिवाय लांब उरतो. पाठीवर लॅपटॉप, कॅरिअरला पिशवी आणि वाटेत खड्डे असले की तो आधी वाकतो, मग तुटतो. कॅसेट म्हणजे हबवर नुसता सरकवून बसवलेला गठ्ठा; तिच्या हबमध्ये बेअरिंग फ्रेमजवळ असतं, म्हणून ही तक्रार क्वचितच येते. दुकानात ओळखायचं असं : चाक धरून ठेवा आणि दाते उलटे फिरवा. पाना लावायची मधली खाच दात्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर राहिली तर फ्रीव्हील. रोज ऑफिसला जायचं असेल तर आमच्या मते सगळ्या तपासण्यांत हीच पहिली.

फोर्कबद्दलही (पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग) सर्रास खोटं बोललं जातं. खिशात लहान लोहचुंबक ठेवा. ‘कार्बन फोर्क’ला तो चिकटला तर फोर्क लोखंडी. नाही चिकटला म्हणून लगेच कार्बन समजू नका, अ‍ॅल्युमिनिअमलाही चिकटत नाही. पाय कार्बनचे आणि वरची नळी अ‍ॅल्युमिनिअमची असे फोर्क या किमतीत सर्वसाधारण आहेत आणि वापराला चांगले आहेत, फक्त ते ‘फुल कार्बन’ म्हणून विकत घेऊ नका. हँडलवरची टोपी दुकानदाराकडूनच काढून घेतली की नळी आतून दिसते.

मापात होणारी फसवणूक बिलावर कधीच दिसत नाही, पण अंगाला सर्वांत जास्त जाणवते. 52 मापाची फ्रेम हवी असताना दुकानात 56 पडून असते आणि उत्तर मिळतं, ‘सीट खाली करून देतो’. सीट खाली होते, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं. मग तळहात बधिर होतात आणि मान आखडते. कंपनीच्या तक्त्यातले स्टॅक (फ्रेमची उंची) आणि रीच (फ्रेमची पुढे हँडलकडची लांबी) यांचे आकडे मागा. सीटच्या उंचीचा अंदाज घरीच काढा : अनवाणी, जांघेपासून जमिनीपर्यंतची लांबी गुणिले 0.883, हे अंतर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. त्याच वेळी 28 मिमी टायर आणि मडगार्ड बसतील एवढी जागा आहे का, कॅरिअरचे बोल्ट लावायला भोकं आहेत का, हेही बघून घ्या. पावसाळ्यात यावाचून रोजचा प्रवास होत नाही.

‘यंदाचं मॉडेल’ हा आणखी एक दावा. शिमानोच्या क्रँकच्या आतल्या बाजूला बहुधा दोन अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्ष, दुसरं महिना : यू म्हणजे 2022, व्ही 2023, डब्ल्यू 2024, ए जानेवारी, एल डिसेंबर. जुना माल घ्यायला हरकत नाही, पण मग किंमतही जुन्या मालाचीच हवी. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे. करापूर्वीची किंमत 45,000 असेल तर हा फरक 3,150 रुपयांचा आहे, तो सोडू नका.

पैसे देण्याआधी बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव, वर्ष, माप, बीबीच्या (फ्रेममध्ये क्रँक बसतो ती जागा) खाली कोरलेला फ्रेम नंबर, आणि शिफ्टर, दोन्ही डिरेलर, क्रँक, ब्रेक, कॅसेट यांचे कोड लिहून घ्या. क्लॅरिस असेल तर एसटी-आर2000, आरडी-आर2000, एफसी-आर2000 असे. कोड भागांवरच छापलेले असतात, उतरवायला पाच मिनिटं लागतात. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर दुसरं दुकान बघा.

फसवणूक झालीच असेल तर सायकल त्याच दुकानात दुरुस्तीला टाकू नका, भाग बदलले की पुरावा जातो. आधी प्रत्येक कोडचा आणि मोडलेल्या भागाचा फोटो घ्या, जाहिरात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिलात मुदत दिली नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सुरुवात 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून करा. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे.