पीपीसी (क्लिकमागे पैसे) जाहिरातींतून अ‍ॅफिलिएट विक्री: ११ महिन्यांचा अनुभव आणि ‘इतर शोधशब्द’ ही एक ओळ

मी ज्या ऑनलाइन बॅकअप सेवेची शिफारस करते, तिच्या अ‍ॅफिलिएट विभागाकडून (कमिशनवर विक्री मिळवून देणाऱ्यांचे काम पाहणाऱ्या) आठव्या महिन्याच्या अखेरीस चार ओळींची ईमेल आली. माझ्या जाहिराती त्यांच्या ब्रँडच्या नावाच्या शोधावर दिसल्या, हा नियमभंग आहे आणि म्हणून गेल्या दोन महिन्यांचे संपूर्ण कमिशन रोखण्यात येत आहे, एवढाच मजकूर होता. ज्या नावावर मी कधीही बोली (एका क्लिकसाठी देऊ केलेली रक्कम) लावली नव्हती, माझ्या कीवर्डच्या, म्हणजे जाहिरातीसाठी निवडलेल्या शब्दांच्या यादीत जे नाव शोधूनही सापडत नव्हते, त्या नावापायी माझी कमाई थांबली होती. हा अनुभव लिहायला मी त्याच दिवशी रागाच्या भरात सुरुवात केली होती. आज ११ महिने पूर्ण झाल्यावर तो नव्याने लिहिताना काही मते तशीच आहेत, काही मात्र मला बदलावी लागली आहेत.

माझी पद्धत साधी आहे. शोधजाहिरातीवरून वाचक माझ्या तुलनात्मक लेखावर येतो, तिथून अ‍ॅफिलिएट लिंकने सेवेच्या संकेतस्थळावर जातो आणि त्याने वार्षिक वर्गणी भरली तर मला कमिशन मिळते. क्लिकचे पैसे मला तत्काळ द्यावे लागतात आणि कमिशन मात्र परताव्याची मुदत संपल्यावर हाती येते, त्यामुळे या व्यवसायात स्वतःचे पैसे काही आठवडे अडकून राहतात. हे ठाऊक असूनही त्याचा ताण प्रत्यक्षात किती येतो, हे मला पहिल्या महिन्यातच कळले.

आकडे तुलनेसाठी सोपे करून सांगते. एका विक्रीचे कमिशन १०० धरले, तर पहिल्या तीन महिन्यांत मला एक क्लिक सरासरी ३ ला पडत होता आणि साधारण ८० क्लिकमागे एक विक्री होत होती. म्हणजे १०० मिळवण्यासाठी मी २४० खर्च करत होते. तेव्हा मला वाटले की बोली जास्त आहे. म्हणून मी बोली कमी केली, जाहिरात खाली गेली, क्लिक घटले आणि प्रमाण मात्र तसेच राहिले. दोष बोलीत नव्हता. मी भलत्याच माणसांच्या क्लिकचे पैसे भरत होते आणि ते मला शोधशब्दांचा अहवाल उघडेपर्यंत दिसले नाही.

कीवर्ड म्हणजे आपण मागितलेला शब्द आणि शोधशब्द म्हणजे माणसाने खरोखर टाइप केलेले शब्द, हा फरक मी वाचलेला होता. तो खर्चाच्या रकान्यात पाहणे ही वेगळी गोष्ट आहे. ‘ऑनलाइन बॅकअप’ या ब्रॉड मॅच (संबंधित अर्थाच्या शोधांवरही जाहिरात दाखवणाऱ्या) कीवर्डवर माझ्याकडे आलेल्यांत हार्ड डिस्क बिघडल्यावर गेलेल्या फाइल परत कशा मिळवाव्यात हे शोधणारे लोक मोठ्या संख्येने होते. त्यांना बॅकअप सेवेचा त्या क्षणी काहीही उपयोग नव्हता, कारण त्यांचे नुकसान आधीच होऊन गेले होते. कोणी आपल्या जुन्या खात्यात लॉगिन करायला निघाला होता, कोणाला ग्राहक सेवेचा क्रमांक हवा होता आणि कोणाला चालू वर्गणी रद्द करायची होती. वर्गणी रद्द करण्याची वाट शोधणाऱ्याला वर्गणीची जाहिरात दाखवल्याबद्दल मी पैसे भरले, ही गोष्ट मला अजूनही सलते.

त्या आठवड्यात मी ‘मोफत’, ‘लॉगिन’, ‘रद्द’, ‘क्रमांक’, ‘परत मिळवणे’ असे एकेक करत ६० निगेटिव्ह कीवर्ड (ज्यांवर जाहिरात दाखवू नये असे शब्द) घातले आणि पुढच्याच महिन्यात ८० ऐवजी ६० क्लिकमागे एक विक्री येऊ लागली. एवढ्या कमी मेहनतीत एवढा फरक पडल्याचा मला मनापासून आनंद झाला. ११ महिन्यांत मी शिकलेल्या सगळ्या युक्त्यांमध्ये पैसे वाचवणारी याहून मोठी युक्ती मला सापडलेली नाही.

पण त्याच अहवालाच्या तळाशी एक ओळ असते: ‘इतर शोधशब्द’. तिच्यासमोर क्लिक असतात, खर्च असतो. शब्द मात्र नसतात. माझ्या खात्यात एका महिन्यात एकूण खर्चाचा ३८ टक्के भाग या एका ओळीत होता. १०० पैकी ३८ कोणत्या शब्दांवर गेले हे मला, म्हणजे ज्या व्यक्तीने ते भरले तिलाच, पाहता येत नव्हते. गूगलने सप्टेंबर २०२० पासून पुरेशा लोकांनी न शोधलेले शब्द या अहवालातून दाखवणे कमी केले आणि शोधणाऱ्याच्या खाजगीपणाचे कारण दिले. मी वापरत असलेल्या जाहिरात मंचावरही तोच प्रकार आहे. खाजगीपणाचा मुद्दा मला मान्य आहे, कारण एखाद्याने शोधपेटीत स्वतःचे नाव किंवा आजार लिहिला असेल तर तो मला कळण्याचे काहीच कारण नाही. पण ज्या शब्दासाठी पैसे घेतले तो दाखवता येत नसेल, तर त्या शब्दावर जाहिरात न दाखवण्याचा पर्याय तरी जाहिरातदाराला असायला हवा. तसे एकही बटण मला आजवर सापडलेले नाही.

ही ओळ मला इतकी का खटकते ते सांगते. १९९८ साली गोटू डॉट कॉमने शोधनिकालांत क्लिकमागे पैसे घेण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा जाहिरातदार ठरावीक शब्दावर बोली लावत असे आणि त्याची बोली निकालाशेजारी सर्वांना दिसत असे. गूगलने २००० साली अ‍ॅडवर्ड्स सुरू केले आणि २००२ पासून त्यात क्लिकनुसार आकारणी आणली, तेव्हाही या जाहिरातीचे मुख्य आकर्षण हेच होते की पैसा कुठे गेला ते मोजता येते. त्यानंतर २०१८ मध्ये एक्झॅक्ट मॅचची (नेमक्या त्याच शोधावर जाहिरात दाखवणाऱ्या प्रकाराची) व्याख्या सैल होऊन त्यात समान अर्थाचे शोध आले आणि २०२१ मध्ये ब्रॉड मॅच मॉडिफायर (ठरावीक शब्द शोधात असलेच पाहिजेत अशी अट घालणारा ब्रॉड मॅच) हा प्रकार बंद होऊन फ्रेज मॅचमध्ये (कीवर्डचा अर्थ ज्या शोधात येतो त्यावर जाहिरात दाखवणाऱ्या प्रकारात) विलीन झाला. मोठ्या कंपनीच्या अंदाजपत्रकात हा सैलपणा सामावून जातो. अ‍ॅफिलिएटच्या हातात मात्र एका विक्रीमागचे कमिशन एवढीच मर्यादा असते आणि ती ओलांडणारा प्रत्येक शब्द थेट तोट्यात जातो.

त्यात भर म्हणजे दोन्ही बाजूंची वागणूक सारखी नाही. आपण मागितलेला कीवर्ड अर्थाने पसरतो, पण आपण नाकारलेला शब्द पसरत नाही. ‘मोफत’ हा निगेटिव्ह घातला तरी ‘फुकट’ आणि ‘विनामूल्य’ स्वतंत्रपणे घालावे लागतात. पैसे घेताना यंत्रणेला समानार्थी शब्द कळतात आणि पैसे वाचवायचे असतात तेव्हा ते कळत नाहीत, हा माझा या संपूर्ण व्यवस्थेवरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे आणि ११ महिन्यांत तो तसूभरही कमी झालेला नाही.

आता त्या ईमेलकडे वळते. अहवाल नीट पाहिल्यावर ब्रँडचे नाव तीन क्लिकवर उघड दिसले. ‘इतर’मध्ये ते आणखी किती वेळा दडले होते हे कळायला मार्ग नव्हता. मी कीवर्डची यादी आणि खात्यातील बदलांचा संपूर्ण इतिहास जोडून लिहिले की मी या नावावर बोली लावलेली नाही. उत्तर आले की जाहिरात दिसली हे पुरेसे आहे. मी पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उत्तर आले. तिसऱ्या उत्तरात त्यांनी करारातील एका कलमाकडे बोट दाखवले आणि तिथे मला थांबावे लागले. ब्रँडच्या नावावर बोली लावू नये, एवढेच मी वाचले होते. त्याच परिच्छेदात पुढे लिहिले होते की ब्रँडचे नाव आणि त्याची चुकीची स्पेलिंग अ‍ॅफिलिएटने निगेटिव्ह कीवर्ड म्हणून घातलीच पाहिजेत. मी साठ शब्द घातले होते. हा एक घातला नव्हता.

इथे माझे मत बदलले. विक्रेत्याची बाजू मी पहिल्यांदाच शांतपणे पाहिली. ज्याने ब्रँडचे नाव टाइप केले तो बहुधा आधीच ठरवून आलेला असतो. त्याच्या वाटेत माझी जाहिरात आली, तर विक्रेता मिळणारच असलेल्या ग्राहकासाठी मला कमिशन देतो. शिवाय लिलावात मी शिरल्यामुळे त्याला स्वतःच्याच नावावरची बोलीही वाढवावी लागते. हे नुकसान खरे आहे आणि नियम योग्य आहे. मला अजूनही अन्यायकारक वाटते ते फक्त शिक्षेचे प्रमाण, कारण त्या दोन महिन्यांतील ३१ विक्रींपैकी बहुतेकींचा या नावाशी काहीच संबंध नव्हता.

तो संबंध नव्हता हे मी दाखवू शकले ते एका सवयीमुळे. सुरुवातीपासून मी प्रत्येक अ‍ॅफिलिएट लिंकच्या सब-आयडीमध्ये (लिंकला जोडता येणाऱ्या स्वतःच्या खुणेत) क्लिकचा आयडी, कीवर्ड आणि मॅचचा प्रकार नोंदवत होते. त्यामुळे ३१ पैकी २२ विक्री एक्झॅक्ट मॅचच्या, ५ फ्रेज मॅचच्या आणि ४ ब्रॉड मॅचच्या क्लिकमधून आल्याचे तक्त्यात मांडता आले. एक्झॅक्ट मॅचही हल्ली थोडा पसरतो हे मी लपवले नाही, पण ‘बॅकअप सेवांची तुलना’ असा कीवर्ड पसरून एका विशिष्ट ब्रँडच्या नावापर्यंत जाण्याची शक्यता ब्रॉडच्या तुलनेत किती कमी आहे, हे सविस्तर लिहिले. पाच आठवड्यांनी एका महिन्याचे कमिशन सोडण्यात आले. दुसऱ्याचा निर्णय अजून बाकी आहे. सब-आयडी न वापरणाऱ्या अ‍ॅफिलिएटकडे अशा वेळी दाखवायला काहीही नसते. तक्ता बनवण्याचा कंटाळा येतो हे मला मान्य आहे, तरी जाहिरातीवर पहिला पैसा खर्च करण्यापूर्वी ही व्यवस्था करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

एक चूक मात्र पूर्णपणे माझी होती आणि तिने बरीच संधी घालवली. ६० क्लिक होऊनही विक्री नाही, की मी तो कीवर्ड बंद करत असे. नंतर हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की ५० क्लिकमागे एक विक्री देणारा चांगला कीवर्डसुद्धा ६० क्लिकमध्ये एकही विक्री न देण्याची शक्यता सुमारे ३० टक्के असते. ती शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास यायला १५० क्लिक लागतात. म्हणजे शोधशब्द योग्य असतील तर काटकसर करणाऱ्यालाही तेवढे पैसे आधी बाजूला ठेवावे लागतात. अशा घाईने बंद केलेल्या ९ पैकी २ कीवर्डवर आज माझा जवळपास निम्मा नफा येतो.

कुकीच्या मुदतीबद्दल थोडक्यात; कुकी म्हणजे ग्राहक कोणाच्या लिंकवरून आला याची ब्राउझरमधली नोंद. ही मुदत प्रत्येक कार्यक्रमात वेगळी असते. अ‍ॅमेझॉनच्या असोसिएट्स कार्यक्रमात ती साधारणपणे २४ तासांची आहे, माझ्या कार्यक्रमात ३० दिवसांची. पण आयफोनवरचा सफारी ब्राउझर २०१७ पासून मागोवा घेणाऱ्या कुकींवर निर्बंध आणत आला आहे, त्यामुळे कागदावरची मुदत आणि प्रत्यक्षातली मुदत एकच असेल असे गृहीत धरू नये. आयफोनवरून आलेल्या क्लिकची विक्री माझ्या नोंदीत सातत्याने कमी दिसते. ती खरोखर कमी होते की माझ्या नावावर लागत नाही हे मला वेगळे काढता आले नाही, म्हणून मी त्या उपकरणांसाठीची बोली कमी ठेवली आहे. लेखाच्या पानाबाबत एवढेच सांगते की लिंककडे ढकलणारे पोकळ पान मंच नाकारतो आणि ते योग्यच आहे. मी स्वतः तीन सेवा वापरून, फाइल परत मिळवायला लागलेला वेळ मोजून पान लिहिले, तेव्हा मंच देतो तो गुणवत्तेचा दर्जा १० पैकी ४ वरून ७ वर गेला आणि त्याच जागेसाठीचा क्लिक स्वस्त झाला.

सध्या ब्रॉड मॅच पूर्ण बंद आहे. ‘इतर शोधशब्द’ या ओळीचा वाटा ३८ वरून १४ टक्क्यांवर आला आहे आणि निगेटिव्ह यादी २१० शब्दांची झाली आहे, ज्यात ब्रँडचे नाव त्याच्या १७ चुकीच्या स्पेलिंगसह आहे. क्लिक आता १.४ ला पडतो, ४५ क्लिकमागे एक विक्री होते, म्हणजे एका विक्रीचा खर्च ६३. वर्गणी रद्द झाल्यामुळे १८ टक्के कमिशन परत जाते, त्यामुळे १०० पैकी सरासरी ८२ हाती येतात आणि १९ उरतात. विक्रींची संख्या मात्र पूर्वीच्या दोन तृतीयांशच आहे.

माझे मत एवढ्यावर येऊन ठरले आहे की ज्याला दर आठवड्याला तासभर बसून शोधशब्द वाचण्याची तयारी आहे, कमिशनचा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याचा संयम आहे आणि दोन-तीन महिन्यांचा तोटा सोसण्याची ऐपत आहे, त्याने हे करून पाहावे. स्वयंचलित शिफारशी स्वीकारून निर्धास्त राहू इच्छिणाऱ्याने करू नये. गेल्या आठवड्यात मंचाने मला पुन्हा सुचवले की ब्रॉड मॅच सुरू केल्यास क्लिक वाढतील. मी ती शिफारस नाकारली, कारणाच्या रकान्यात ‘शोधशब्द दिसत नाहीत’ असे लिहिले आणि रोखलेल्या दुसऱ्या महिन्याच्या कमिशनसाठी चौथे पत्र पाठवले.