एनएचएसचं बॉवेल कॅन्सर टेस्ट किट : वापरून बघितलं, 5 पैकी 4 स्टार

एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, आणि हे किट म्हणजे आतड्याच्या कॅन्सरसाठी शीतलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी 'फिट' टेस्ट. इंग्लंडमध्ये राहत असाल आणि जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव असेल तर पन्नाशीनंतर हे आपोआप पोस्टाने घरी येतं, आधी पत्र मग किट, 74 वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, एक पैसा लागत नाही. तरी आपले लोक शी म्हटलं की नाक मुरडतात आणि पाकीट ड्रॉवरमध्ये, आमच्या साहेबांचंही तिथेच पडलंय.

काम खरं तर पाच मिनिटांचं आहे. सॅम्पल कमोडच्या पाण्याला लागू द्यायचं नाही, त्यासाठी श्रीखंडाचा रिकामा डबा एकदम बेस्ट (नंतर फेकायचा हां, धुऊन त्यात डाळ भरायची नाही!). छोट्याशा बाटलीच्या झाकणालाच काडी असते, टोकाला खाचा, त्या भरतील एवढंच घ्यायचं, मग काडी परत आत घालून झाकण घट्ट लावायचं, तारीख टाकायची आणि सोबतच्या पाकिटातून पोस्टात, तिकीटसुद्धा नको. जुन्या टेस्टला तीन वेगवेगळ्या वेळचे मिळून सहा नमुने द्यावे लागायचे, 2019 पासून एकच. शिवाय ही टेस्ट फक्त माणसाचंच रक्त ओळखते त्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्लं तरी काही बिघडत नाही. रिझल्ट साधारण दोन आठवड्यांत पत्राने येतो.

एक स्टार कापला तो नियमांसाठी. अमेरिकेत 2021 पासून 45 व्या वर्षीच सुरू करा म्हणतात आणि हीच टेस्ट दरवर्षी, इथे पन्नास आणि वर दोन वर्षांची गॅप. बरं स्कॉटलंडने 2017 ला सुरू केली तेव्हा रक्ताची लिमिट 80 (एक ग्रॅम शीमागे मायक्रोग्रॅम) ठेवली, इंग्लंडने मात्र सुरुवातीला 120, म्हणजे समजा 100 निघालं तर तिकडे पुढे तपासणीला बोलवायचे आणि इकडे ऑल क्लियर. कोलोनोस्कोपीला (कॅमेऱ्याची नळी घालून आतडं तपासायला) डॉक्टर आणि मशिनं कमी पडतात म्हणून असं करतात, कळतं, पण पटत नाही.

आणि रक्त डोळ्यांना दिसत असेल, पोटाची सवय बदलली असेल, वजन उतरत असेल तर किटची वाट बघत बसू नका, "मूळव्याध असेल" म्हणून तर अजिबातच नको, सरळ जीपी गाठा. पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सरच असं नाही, बऱ्याचदा पॉलिप (आतड्यातली छोटी गाठ) किंवा खरंच मूळव्याध निघते, पॉलिप तर कोलोनोस्कोपीतच काढून टाकतात.

भारतातल्या आईबाबांना मात्र असं घरपोच काही नाही, तिकडच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढंच येतं, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना फिट टेस्टचं आपणच विचारायचं.