बुंदीचा हार्नेस: आठ महिने, पाऊस ते ऊन

हा हार्नेस, म्हणजे कुत्र्याच्या छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा, ऑगस्टमध्ये घेतला होता, आता एप्रिल लागलाय, म्हणजे पाऊस, थंडी, ऊन सगळ्यात वापरून झाला. घेताना मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे पार्सल उघडल्याच्या दिवशीच लिहिलेले होते, म्हणून ठरवलं होतं की आपण नीट वापरल्यावरच लिहायचं. बुंदी आमची देशी कुत्री, गल्लीतच जन्मलेली, अंगावर बुंदीसारखे ठिपके, तीनेक वर्षांची, वजन १६ किलो. मी इंदूरची, आणि टेकडी चढायची सवय ना मला होती ना तिला.

आधी साधी गळ्यातली कॉलरच होती. देवगुराडियाच्या टेकडीवरून उतरताना तिने खाली खार पाहिली आणि असा हिसका दिला की मी घसरले, आणि तिच्या गळ्याला एवढा झटका बसला की संध्याकाळभर खोकत होती. आई म्हणाली, एक तर हिला नेणं बंद कर नाहीतर काहीतरी धड आण. मग हा आणला, १४५० रुपयांना.

छातीवर वाय आकाराचा आहे, म्हणजे पट्टा खांद्यावर आडवा येत नाही आणि पुढचे पाय मोकळे पडतात. दगडांवरून चढताना याचा फरक खरंच दिसतो. रिंगा दोन, एक पाठीवर, एक छातीवर. पाठीच्या रिंगेला लीश (हातात धरायची दोरी) लावली की ती बैलासारखी ओढते कारण सगळं जोर लावायला छाती मोकळी मिळते, छातीच्या रिंगेला लावली की ओढल्यावर तिचं अंगच माझ्याकडे वळतं, मग दोन-तीनदा वळली की आपोआप सैल चालते. मी चढताना पाठीची आणि उतरताना छातीची वापरते. पाठीवर एक हँडल पण आहे, जाम गेटच्या रस्त्याला अचानक गाई आल्या तेव्हा त्याच हँडलने तिला धरून बाजूला उभी राहिले, लीश आवरत बसले असते तर उशीर झाला असता.

आता तक्रार. पहिल्या महिन्यात मी पट्टे जरा घट्टच बांधले, सुटून पळाली तर या भीतीने. तिसऱ्या फेरीनंतर रात्री पोटाला कुरवाळताना पुढच्या पायाच्या काखेत हात गेला तर तिथले केस गेलेले, चार आण्याच्या नाण्याएवढी गुलाबी कातडी आणि मधे ओलसर. आणि ती दिवसभर मस्त पळत होती हो, एकदाही लंगडली नाही, कुं पण नाही केलं. मला रडूच आलं. तेव्हापासून प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं जातात का ते बघते, घरून निघताना एकदा आणि अर्ध्या तासाने परत, कारण भिजला की पट्टा सरकतो. कंपनीने काखेच्या बाजूला अस्तर दिलेलं नाही, मी जुन्या बनियनचं कापड शिवून घेतलं, त्यानंतर घासला नाही.

दुसरी गोष्ट बकल. जानेवारीत डावं बकल तडकलं, मेल केला तर उत्तर आलं की वॉरंटी तीनच महिन्यांची. बाहेर रानात तडकलं असतं तर काय, म्हणून आता कॉलर पण ठेवते आणि एक छोटी कडी दोन्हीला जोडते.

याच्यासोबत पायातले बूट पण घेतले होते, ते पैसे वाया. पाच मिनिटांत दोन बूट झुडपात. त्यापेक्षा पंजे रोज बघायची सवय लावा, आणि हे मी का म्हणतेय ते सांगते. ऑक्टोबरमध्ये कजलीगढला गेलो, सिमरोलकडून, पाऊस संपून गवत सोनेरी झालेलं, फार सुंदर दिसतं. त्या गवताला कुसळं येतात. घरी आल्यावर दोन दिवस उजवा पंजा चाटतच होती, मला वाटलं चिखल असेल. तिसऱ्या दिवशी दोन बोटांच्या मधे वाटाण्याएवढी गाठ आली. डॉक्टरांनी चिमट्याने अख्खं कुसळ ओढून काढलं, माझ्या करंगळीच्या नखाहून लांब. त्याला उलटे काटे असतात म्हणून ते पुढेच सरकतं, मागे येत नाही, असं त्यांनी सांगितलं. आता गाडीत बसायच्या आधीच बोटांच्या मधे, कानात, काखेत आणि हार्नेसच्या अस्तरात बोट फिरवते, गोचीडही तिथेच सापडतात. गोचिडाच्या तापाने गल्लीतला एक कुत्रा गेलाय, त्यामुळे महिन्याची गोळी मी कधीच चुकवत नाही.

पावसाळ्यात पातालपाणीच्या धबधब्याला नेऊ नका, तिथे पाणी वरून अचानक येतं, २०११ मध्ये माणसं वाहून गेलीत. डबक्यातलं पाणीही पिऊ देऊ नका, लेप्टोचं (घाण पाण्यातून होणारा आजार) इंजेक्शन झालेलं असलं तरी. रालामंडल अभयारण्य आहे, तिथे कुत्रं न्यायचं नाही. चोरलच्या बाजूला एका गुराखी काकांनी मला थांबवून सांगितलं, "बेटा, पट्टा मत छोड़ना, तेंदुआ कुत्ते ही उठाता है." तेंदुआ म्हणजे बिबट्या. त्या दिवसापासून लीश हातातून सुटलेली नाही, कितीही मोकळं रान असो.

पाणी मी तिच्यासाठी वेगळं दीड लिटर नेते, घडीचा सिलिकॉनचा बाऊल हार्नेसलाच अडकवते. खाणं निघायच्या दोन तास आधी आणि थोडंच, भरल्या पोटी पळाली की पोट फुगायचा धोका असतो. आणि आपल्या डब्यातला सुकामेवा देताना बघा, मनुका कुत्र्यांना विषारी असतात, मला हे माहीतच नव्हतं.

मार्चमध्ये जानापावला गेलो, चंबळ जिथून निघते ते. साडेनऊलाच परत फिरलो कारण तिची जीभ रुंद होऊन बाजूला लोंबायला लागली आणि सावली दिसेल तिथे बसायला लागली. कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग गार करतात, आणि हार्नेस जाड असल्यामुळे छाती अजून तापते. सावलीत हार्नेस काढला, पोटाला आणि पंजांना साधं पाणी लावलं, वीस मिनिटांनी उठून शेपटी हलवली. दगडावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघायची, आपल्याला चटका बसला तर तिलाही बसणार.

आता मे-जून फक्त पहाटे देवगुराडिया, तेही कॉलर आणि लांब दोरीवर. हार्नेस कोमट पाण्यात धुवून गच्चीत सावलीला टांगलाय, शिवण अजून पक्की आहे, रंग थोडा उडालाय. बकल राजवाड्याजवळ बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून ६० रुपयांत बदलून घेणार आहे. साईझचं विचारणाऱ्यांसाठी, बुंदीची छाती ५८ सेंटीमीटर आहे आणि तिला मीडियम बसला.